चित्रपटातील बंदूक : खरी किती, खोटी किती?

दिवाळीच्या दिवसांत लहान मुलांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल दिसते. चाप ओढला की पत्र्याचा घोडा टिकलीवर आपटतो, 'फट्' असा आवाज होतो, चिमूटभर धूर निघतो, आणि समोर उभा असलेला सवंगडी छातीवर हात ठेवून खुशाल अंगणात लोळण घेतो. क्षणभराने तोच उठतो आणि आता आपली पाळी म्हणून पिस्तूल मागू लागतो. या खेळात आवाज खरा, धूर खरा. खोटे असते ते केवळ मरण.

मारधाडीच्या चित्रपटांत जे चालते तेही मूलतः हेच होय. नायक गोळी झाडतो, खलपुरुष कोसळतो, आणि दिग्दर्शकाने 'कट्' म्हणताच कोसळलेला नट कपडे झटकून चहा घ्यावयास जातो. फरक इतकाच की, तेथील पिस्तूल पुष्कळदा पत्र्याचे नसते. ते कारखान्यात तयार झालेले, कधीकाळी खरी गोळी झाडू शकणारे किंवा आजही झाडू शकणारे शस्त्र असते. असे शस्त्र खेळासाठी वापरताना मरण खोटेच राहील, याची हमी कोण देतो आणि कशी देतो? पडद्यावरील बंदुकीची सारी विद्या या एका प्रश्नाभोवती फिरते.

बंदूक आणि चलच्चित्र यांची सोबत जुनी आहे. १९०३ साली अमेरिकेत एडिसन कंपनीसाठी एडविन पोर्टर यांनी 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा सुमारे बारा मिनिटांचा चित्रपट काढला. त्यातील एका दृश्यात दरोडेखोरांचा म्होरक्या थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रेक्षकांकडेच, पिस्तूल रोखून ते झाडतो. हे दृश्य चित्रपटाच्या आरंभी दाखवावे की अखेरीस, हे चित्रपटगृहाच्या चालकाच्या मर्जीवर सोडलेले होते. कथेशी त्याचा विशेष संबंध नव्हता. पण रोखलेल्या नळीच्या तोंडाकडे पाहताना माणसाचे मन कसे थरारते, हे त्या काळच्या निर्मात्यांनी अचूक ओळखले होते.

आरंभीच्या काळात हा थरार साधण्यासाठी जे धाडस केले जाई, ते आज ऐकूनही अंगावर काटा उभा राहतो. भिंतीवर गोळ्या आदळून तिचे टवके उडाल्याचे दाखवावयाचे तर नेमबाजाकरवी खऱ्याच गोळ्या झाडीत. १९३१ सालच्या 'द पब्लिक एनिमी' या चित्रपटात जेम्स कॅग्नी हा नट कोपऱ्याआड होतो आणि पाठोपाठ भिंतीचा कोपरा गोळ्यांनी फुटतो. त्या गोळ्या खऱ्या होत्या, आणि नट व मृत्यू यांच्यामध्ये केवळ नेमबाजाच्या कौशल्याचे अंतर होते. पुढे भिंतीत किंवा नटाच्या अंगरख्याखाली लहानशी स्फोटक पुडी दडवून ती विजेच्या तारेने उडविण्याची युक्ती रूढ झाली. तेव्हापासून जेथे गोळी लागल्याचे दिसावयाचे तेथे खऱ्या गोळीची गरज उरली नाही. गरज उरली ती दुसऱ्या टोकाला. नटाच्या हातातील बंदुकीतून ज्वाळा आणि आवाज निघावा एवढ्यापुरती.

ती गरज कशी भागविली जाते, हे समजण्यासाठी काडतुसाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. काडतुसाचे भाग चार. बाहेरची पितळी पुंगळी हा पहिला. पुंगळीच्या बुडाशी बसविलेली, आघाताने पेट घेणारी स्फोटक टिकली हा दुसरा. तत्त्वतः ती दिवाळीतील टिकलीचीच थोरली बहीण होय. पुंगळीत भरलेली दारू हा तिसरा भाग, आणि पुंगळीच्या तोंडात घट्ट बसविलेली शिशाची गोळी हा चौथा. चाप ओढला की टिकली पेटते, टिकलीने दारू पेटते, दारूचा क्षणार्धात वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे हाकलतो. हे चारही भाग शाबूत असले की पोलिसांच्या पंचनाम्यात त्याला 'जिवंत काडतूस' म्हणतात, आणि हा शब्द मोठा समर्पक आहे.

चित्रपटव्यवसायात याखेरीज आणखी दोन प्रकारची काडतुसे लागतात. पहिला प्रकार 'ब्लँक', म्हणजे बिनगोळीचे काडतूस. त्यात टिकली असते, दारू असते. गोळी मात्र नसते. दारू सांडू नये म्हणून पुंगळीचे तोंड चुरगळून मिटवितात अथवा त्यात पुठ्ठ्याचा किंवा कागदाचा बूच बसवितात. ते उडविले की आवाज होतो, ज्वाळा दिसते, पण गोळी जात नाही. दुसरा प्रकार 'डमी'. ते याच्या नेमके उलट असते. त्यात पुंगळी असते, गोळी असते. दारू नसते आणि टिकली निकामी केलेली असते. ते दिसते हुबेहूब खऱ्यासारखे, पण उडत नाही. रिव्हॉल्व्हरला समोरून जवळून टिपावयाचे असेल तर हे डमी काडतूस लागतेच. कारण रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रातील गोळ्यांची टोके पुढून स्पष्ट दिसतात, आणि तेथे रिकामे कप्पे दिसले तर प्रेक्षकांचा रसभंग होतो. डमी ओळखू यावे म्हणून पुंगळीच्या कुशीला भोक पाडतात, किंवा दारूऐवजी आत धातूचा लहानसा छर्रा टाकून ठेवतात. काडतूस कानाशी धरून हलविले आणि ते खुळखुळ वाजले, की त्यात दारू नाही हे समजावे.

येथे कोणीही विचारील की, एवढा खटाटोप हवा कशाला? लाकडाची किंवा रबराची बंदूक का पुरू नये? वस्तुतः ती पुष्कळदा पुरते. ज्या दृश्यात शिपायांची तुकडी नुसती दूरवरून चालत जाते, किंवा नटाला घोड्यावरून खाली पडावयाचे असते, तेथे रबरी साच्यातील बंदूकच देतात. ती हलकी असते आणि पडताना कोणाला इजा करीत नाही. तथापि गोळी झाडण्याच्या दृश्यात खऱ्या शस्त्राचे तीन गुण उपयोगी पडतात. पहिला, झाडताना हाताला बसणारा हिसका. दुसरा, नळीच्या तोंडाशी उमटणारी ज्वाळा. आणि तिसरा, आवाज. नटाने दचकण्याचा अभिनय करणे वेगळे आणि कानाशी बार उडाल्यावर आपोआप पापणी लवणे वेगळे. दिग्दर्शक मायकेल मान यांच्या १९९५ सालच्या 'हीट' या चित्रपटात लॉस एंजल्सच्या भर वस्तीतील रस्त्यावर दरोडेखोर आणि पोलीस यांची चकमक होते. तीत उंच इमारतींच्या भिंतींवर आदळून परत येणारा बारांचा जो दणदणाट ऐकू येतो, तो चित्रीकरणाच्या जागीच मुद्रित केलेला बिनगोळीच्या काडतुसांचा आवाज आहे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नंतर जोडलेले आवाज त्यापुढे फिके ठरले, म्हणून मूळचेच ठेवण्यात आले.

ज्वाळेची कथा आणखी मौजेची आहे. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदात चोवीस चित्रे टिपली जातात, आणि एक चित्र टिपून फीत पुढे सरकेपर्यंत कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला असतो. म्हणजे सामान्यतः अर्धा काळ कॅमेरा आंधळाच असतो. उलटपक्षी, बंदुकीच्या तोंडाशी उमटणारी ज्वाळा डोळ्याचे पाते लवण्याच्या आत विझते. ती नेमकी कॅमेऱ्याचा डोळा मिटलेला असताना उमटली तर फितीवर काहीच येत नाही. म्हणून चित्रपटासाठी तयार केलेल्या ब्लँकमध्ये मोठी आणि ठसठशीत ज्वाळा देणारी दारू भरतात, आणि तिची मात्राही पूर्ण, अर्धी, पाव अशी प्रसंगानुसार ठरवितात. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, पडद्यावरील ज्वाळा जितकी देखणी, तितका नळीच्या तोंडाशी उसळणारा वायू अधिक दाहक.

स्वयंचलित बंदुकीच्या बाबतीत एक निराळी अडचण येते. अशी बंदूक पहिल्या काडतुसाच्या स्फोटाच्या जोरावरच रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि दुसरे काडतूस आत घेते. गोळीच नसली की वायू नळीतून सहज निसटतो, दाब साठत नाही आणि बंदूक एका बारानंतर अडते. यावर उपाय म्हणून नळीत आतून बारीक छिद्राचे बूच बसवितात. वायू कोंडला जातो आणि यंत्र चालू राहते. असे बूच बसविलेल्या बंदुकीतून गोळी सरळ बाहेर पडण्यास वाट राहत नाही. म्हणजे सोयीसाठी केलेली योजना सुरक्षिततेसही हातभार लावते. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरला मात्र अशा बुचाची गरजच नसते. त्याचे चक्र बोटाच्या जोराने फिरते आणि नळी मोकळीच राहते. पुढे सांगावयाच्या तिन्ही दुर्घटना रिव्हॉल्व्हरनेच घडल्या, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे.

त्याआधी प्रतिकृतींचे, म्हणजे नकली बंदुकांचे, जग ओझरते पाहू. जपानमध्ये शस्त्रांविषयीचे निर्बंध इतके कडक आहेत की, तेथील चित्रपटकारांना नकली बंदुकांवरच भिस्त ठेवावी लागली. त्या नकला इतक्या हुबेहूब होऊ लागल्या की, १९७१ साली कायद्यात दुरुस्ती करून धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा अथवा पिवळा रंग देण्याची व त्यांची नळी बुजविण्याची सक्ती करावी लागली. याच्या अगदी उलट प्रकार 'लॉर्ड ऑफ वॉर' या २००५ सालच्या चित्रपटात घडला. शस्त्रांच्या काळ्या व्यापारावरील या कथेसाठी हजारो रायफली हव्या होत्या. नकली करवून घेण्यापेक्षा खऱ्या रायफली विकत घेणे स्वस्त पडले, असे दिग्दर्शक अँड्र्यू निकोल यांनी सांगितले आहे. जगात नकली बंदुकीहून खरी बंदूक स्वस्त व्हावी, हे त्या चित्रपटाच्या कथेइतकेच अस्वस्थ करणारे सत्य होय. तिसरे उदाहरण गमतीचे. १९६३ सालच्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'च्या जाहिरातींसाठी शॉन कॉनरी यांची छायाचित्रे घ्यावयाची होती, पण जेम्स बाँडचे सुप्रसिद्ध पिस्तूल आणावयाचे राहून गेले. तेव्हा छायाचित्रकाराने स्वतःजवळचे हवेच्या दाबावर चालणारे लांब नळीचे पिस्तूल पुढे केले. निशाणबाजीचा सराव करण्याचे ते साधन गुप्तहेराच्या हाती जगभर मिरवले. प्रेक्षक बंदूक पाहत नाहीत, ती धरणाऱ्याचा चेहरा पाहतात, हेच यावरून सिद्ध होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बिनगोळीचे काडतूस निरुपद्रवी असते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. १९८४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेत 'कव्हर अप' या दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण चालू होते. जॉन-एरिक हेक्सम हा २६ वर्षांचा नट चित्रीकरणातील विलंबाला कंटाळला होता. हातातील रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँकच आहे, तेव्हा काय व्हायचे, अशा थट्टेच्या भरात त्याने ते स्वतःच्या कानशिलाला टेकवून चाप ओढला. गोळी नव्हतीच. परंतु कोंडलेल्या वायूचा आघात इतका जबर होता की, कवटीचा तुकडा मोडून मेंदूत घुसला. सहा दिवसांनी डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केले. दहा पावलांवर जे नुसते आवाज असते, ते त्वचेला टेकले की घण होते, हे त्या तरुणाला कोणी समजावून सांगितले नव्हते, किंवा सांगितलेले त्याच्या मनात रुजले नव्हते.

दुसरी दुर्घटना अधिक गुंतागुंतीची आहे. १९९३ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात विल्मिंग्टन येथे 'द क्रो' या चित्रपटाचे काम चालू होते. नायक होता ब्रँडन ली, विख्यात नट ब्रूस ली यांचा २८ वर्षांचा मुलगा. रिव्हॉल्व्हरच्या जवळून टिपलेल्या दृश्यासाठी डमी काडतुसे हवी होती. तयार डमी हाताशी नव्हती, म्हणून खऱ्या काडतुसांतील गोळ्या काढून, दारू ओतून टाकून, गोळ्या पुन्हा बसविण्यात आल्या. पण बुडाच्या टिकल्या मात्र जिवंतच राहिल्या. केव्हातरी कोणी चाप ओढला आणि एक टिकली उडाली. दारू नव्हती, म्हणून मोठा बार झाला नाही. पण त्या चिमुकल्या टिकलीच्या जोराने गोळी पुंगळीतून निसटून नळीत शिरली आणि तेथेच अडकून बसली. कोणाच्याही ते ध्यानी आले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक काडतुसे भरण्यात आली. ३१ मार्च १९९३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, दुसऱ्या नटाने, कथेत होते त्याप्रमाणे, ब्रँडनवर ते झाडले. ब्लँकमधील दारूने नळीतील गोळीला पूर्ण वेग दिला. ब्रँडन कोसळला; अभिनयच चालला आहे अशी काही क्षण सर्वांची समजूत झाली. त्याच दिवशी दुपारी रुग्णालयात त्याचा अंत झाला.

या घटनेचे मर्म असे की, डमी काडतूस एकटे मारू शकले नसते आणि ब्लँकही त्या अंतरावरून एकटे मारू शकले नसते. डमीने गोळी पुरविली, ब्लँकने दारू पुरविली, आणि दोन खोट्यांची बेरीज होऊन एक खरे काडतूस तयार झाले. मधल्या काळात कोणी नळीला डोळा लावून उजेडाकडे पाहिले असते, किंवा एक साधी सळई आतून फिरविली असती, तर ती बेरीज झाली नसती. ज्याच्यावर शस्त्रांची देखरेख सोपविलेली होती, तो तज्ज्ञ त्या रात्री कामावर नव्हता. सरकारी वकिलांनी कोणावरही फौजदारी खटला भरला नाही. हे कृत्य दुष्टपणाचे नसून निष्काळजीपणाचे होते, असा निष्कर्ष निघाला.

हॉलिवूडमधील कामगार संघटना आणि निर्माते यांच्या संयुक्त सुरक्षा समितीने चित्रीकरणासाठी अनेक सूचनापत्रके प्रसिद्ध केली आहेत. त्यांतील पहिल्या क्रमांकाचे पत्रक बंदुका आणि ब्लँक यांविषयीच आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : ब्लँकही प्राण घेऊ शकते, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून ती हाताळावी, ती कोणावरही विनाकारण रोखू नये, आणि जिवंत काडतूस चित्रीकरणाच्या जागी आणूच नये. शस्त्रांची जबाबदारी ज्याच्याकडे असते त्याला तेथे 'आर्मरर' म्हणतात. प्रत्येक दृश्यापूर्वी त्याने शस्त्र उघडून दाखवावे, काडतुसे एकेक करून तपासावी, नटालाही पाहू द्यावी, आणि दृश्य संपताच शस्त्र परत ताब्यात घ्यावे, अशी रीत आहे. या नियमांत समजण्यास कठीण असे काहीही नाही. कठीण आहे ते रोज, प्रत्येक वेळी, घाई असताना आणि सर्वजण खोळंबले असतानाही ते पाळणे.

ते न पाळल्याचे फळ २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिको राज्यात दिसले. 'रस्ट' या चित्रपटाची तयारी एका लाकडी प्रार्थनामंदिराच्या देखाव्यात चालली होती. नट आणि निर्माता ॲलेक बाल्डविन खोळातून रिव्हॉल्व्हर काढण्याचा सराव करीत होता. शस्त्र सुरक्षित आहे, असे पुकारण्यात आले होते. ते उडाले, आणि कॅमेऱ्याजवळ उभ्या असलेल्या छायाचित्रणप्रमुख हॅलिना हचिन्स यांच्या छातीतून गेलेली गोळी दिग्दर्शक जोएल सोझा यांच्या खांद्यात रुतली. सोझा बचावले. युक्रेनमध्ये जन्मलेल्या, ४२ वर्षांच्या हचिन्स त्याच दिवशी मरण पावल्या. मागे पती आणि लहान मुलगा राहिले. डमी काडतुसांत एक जिवंत काडतूस मिसळलेले होते, आणि चित्रीकरणस्थळी तशी आणखीही सापडली. आपण सर्व काडतुसे तपासली नाहीत, अशी कबुली सहायक दिग्दर्शकाने दिली. काही दिवसांपूर्वीच त्याच ठिकाणी बंदुका अकल्पितपणे उडाल्या होत्या. पण तो इशारा कोणी मनावर घेतला नाही, असे राज्याच्या चौकशीत आढळून आले.

या वेळी प्रकरण न्यायालयात गेले. आर्मररचे काम करणाऱ्या तरुणीला मार्च २०२४मध्ये ज्यूरीने सदोष मनुष्यवधाच्या आरोपात दोषी ठरविले आणि तिला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविनवरील खटला मात्र सरकार पक्षाने पुरावा दडविल्याच्या कारणावरून त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात न्यायाधीशांनी रद्द केला. आपण चाप ओढलाच नाही, असे त्याचे म्हणणे होते. निकाल काहीही लागो. ज्या काडतुसाला कानाशी धरून एकदा खुळखुळावून पाहिले असते तर एक आई वाचली असती, ते कोणी खुळखुळावून पाहिले नाही, ही गोष्ट कोणत्याही निकालाने पुसली जात नाही.

यानंतर अनेक निर्मात्यांनी खऱ्या शस्त्रांना रजा दिली. 'द रूकी' या मालिकेच्या चालकांनी यापुढे केवळ खेळण्यातली हवेची पिस्तुले वापरावयाची आणि ज्वाळा संगणकाने रंगवावयाची, असे तत्काळ जाहीर केले. आज संगणकावर काढलेली ज्वाळा खऱ्या ज्वाळेपासून ओळखणे सामान्य प्रेक्षकाला जवळजवळ अशक्य आहे. तरीही काही दिग्दर्शकांना तीत हिसका आणि दचक यांची उणीव जाणवते, आणि कलेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण ज्या कलेचा सारा करार 'हे खरे नाही' या विश्वासावर उभा आहे, तिने तो विश्वास नटाच्या आणि पडद्यामागील कामगाराच्या प्राणांच्या बाबतीत तरी मोडता कामा नये.

टिकलीचे पिस्तूल खेळणाऱ्या मुलालाही घरातील वडीलधारी माणसे एकच सूचना देतात : तोंडासमोर धरू नकोस, कोणाच्या डोळ्याशी नेऊ नकोस. त्या सूचनेत खेळाचा विरस करण्याचा हेतू नसतो. पडून उठणाऱ्या सवंगड्याला दर वेळी उठता यावे, एवढीच त्यामागची काळजी असते. पडद्यावर शेकडो माणसे पडताना पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. ती सारी 'कट्'नंतर उठून उभी राहतात, यामागे कोणीतरी नळीत डोकावून पाहिलेले असते, कोणीतरी काडतूस हलवून त्याचा आवाज ऐकलेला असतो. पुढच्या वेळी चित्रपट संपल्यावर पडद्यावर नावे सरकू लागतील, तेव्हा त्यांतील आर्मररचे नाव वाचण्यापुरते आसनावर थांबावे. त्याने आपले काम चोख केले म्हणूनच तो खेळ शेवटपर्यंत खेळ राहिला.